कोयंडा नसलेली कडी

कोण आहे? आधी आवाज द्या, मग पुढे या.

रागावू नका. मी नलिनीआजींच्या बाथरूमची कडी बोलतेय. जवळ येणाऱ्या प्रत्येकाचा आधी संशय घ्यायचा, हेच आजवर माझं काम होतं. ही सवय एवढ्यात जायची नाही.

ज्या दारावर मी आहे, ते दार आता पॅसेजच्या टोकाला भिंतीशी टेकवून ठेवलंय. चौकट गेली, बिजागऱ्या गेल्या, मी तेवढी राहिले. "रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू," असं आजींचा मुलगा, सदानंददादा, म्हणतात. कोणता रविवार ते काही बोलत नाहीत. म्हणून तो रविवार यायच्या आत माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म बडोद्यात, गोरव्याच्या एका छोट्या कारखान्यातला. तिथे जनार्दनराव सुपरवायझर होते. वासण्याला त्यांचं टेनामेंट, म्हणजे छोटं दुमजली घर, बांधून होत आलं, तेव्हा त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. बाकीच्या दारांना त्यांनी बाजारातल्या कड्या लावल्या, पण खालच्या बाथरूमसाठी मला निवडलं. नलिनीआजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठेंगण्या. म्हणून त्यांनी मला नेहमीपेक्षा जरा खाली बसवलं आणि चौकटीवर माझ्यासमोर कोयंडा ठोकला.

"बघ, हात पोचतो का?"

"पोचतो," आजी म्हणाल्या. "पण बाहेरून ढकललं तर उघडायची नाही ना? तुम्ही बाहेर जा आणि ढकलून बघा."

जनार्दनरावांनी बाहेर जाऊन ढकललं.

"हे काय ढकलणं? जोरात ढकला की."

"अगं, दार मोडेल!"

"मग ठीक आहे," आजी आतून म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं.

एवढ्याशा कडीवर त्यांचा एवढा जीव का, ते मला पुढे कळलं. लग्न होऊन आजी नागरवाड्यातल्या सासरी आल्या, तेव्हा तिथल्या न्हाणीला दारच नव्हतं. दोरीवर एक जुनं पातळ टाकलेलं असायचं. वाऱ्याने ते हलायचं, बाहेर दीर दात घासत उभे असायचे, आणि आजी एका हाताने पातळ धरून दुसऱ्या हाताने अंगावर पाणी घ्यायच्या. नातीची, मधुवंतीची, वेणी घालताना त्यांनी हे एकदा सांगितलं होतं. मधू हसली होती. आजी हसल्या नव्हत्या.

बंद दाराच्या आत मी काय पाहिलं, ते मी सांगणार नाही. तसं सांगणारी कडी काय कामाची? एवढंच सांगते, की वासण्याच्या या घरात आजी कधी घाईने न्हायल्या नाहीत.

दार आत उघडायचं. ते उघडलं की माझं तोंड भिंतीकडे व्हायचं, त्यामुळे बाहेरचं जग मी कानांनीच ओळखायची. काही वर्षांपूर्वी जनार्दनराव गेले, हेही मला रडण्याच्या आवाजावरूनच समजलं. मग सदानंददादा, त्यांच्या पत्नी नीरावहिनी आणि मधू वरच्या मजल्यावरचं बाथरूम वापरू लागले, आणि खालचं पूर्णपणे आजींचं झालं.

गेल्या उन्हाळ्यात तो प्रकार घडला. आजींची अंघोळ झाली होती, साडी नेसून झाली होती. पिळलेल्या कपड्यांची बादली उचलायला त्या वाकल्या आणि चक्कर येऊन खाली बसल्या. बाहेरून हाका सुरू झाल्या. आजींच्या तोंडून शब्द फुटेना आणि मी तर लागलेली. शेवटी सदानंददादांनी खांद्याने दार ढकललं. पहिल्या धक्क्याला मी वाकले, दुसऱ्याला कोयंडा स्क्रूंसकट उखडून बाहेर पडला.

दवाखान्यातून आल्यावर आजी सुनेला एवढंच म्हणाल्या, "नशीब, साडी नेसून झाली होती."

त्यानंतर घरात हुकूम निघाला. आईने कडी लावायची नाही. सदानंददादांनी मला ठोकून सरळ केलं, पण कोयंडा परत बसवलाच नाही. कोयंडा नसेल तर कडीचं काय उरतं? मी सरकायची, आणि माझं टोक हवेत जाऊन थांबायचं.

पण दुसऱ्या दिवसापासून आजी आत आल्या की पाण्याने भरलेली बादली ओढत ओढत दाराला लावायच्या. एकदा नीरावहिनींनी सहज दार ढकललं, तर ते बादलीवर आपटलं.

"आई! हे काय लावलंय आत?"

"बादली आहे. बादली ठेवायलाही बंदी आहे का?"

"अहो, उद्या काही झालं तर आम्ही आत यायचं कसं?"

"येऊच नये कोणी, म्हणून तर ठेवली!"

त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. आम्हा दोघींनाही वास आला. दोन माणसं बोलत असायची आणि आजींची चप्पल वाजली की गप्प व्हायची. सदानंददादा आत येऊन टेपने भिंती मोजून गेले. मोबाइलवर फोटो काढून गेले. रिकाम्या बाथरूमचा फोटो कोणी का काढेल?

मग हेतलबेन नावाच्या बाई आल्या. घरांच्या आतली रचना ठरवणं हे त्यांचं काम. आल्या आल्या "केम छो, बा?", म्हणजे "कशा आहात, आजी?", म्हणत त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. तोवर ठीक होतं. पण बाथरूमच्या दारात आल्यावर त्या, दादा आणि वहिनी, तिघंही एकदम इंग्रजीत बोलायला लागले. आजींना गुजराती मराठीइतकीच येते, बडोद्यात कोणाला येत नाही? या घरात इंग्रजी सुरू झालं, की आजींपासून काहीतरी लपवायचं आहे एवढं नक्की.

"मधू," आजींनी नातीला बाजूला घेतलं, "काय बोलतायत गं?"

मधूने जरा ऐकलं. "दार काढून टाकायचं म्हणतायत, आजी. चौकट काढायची, उंबराही काढायचा. जायची वाट रुंद करायची. खुर्ची आत जाईल एवढी."

"कसली खुर्ची?"



"चाकांची," आजी स्वतःच म्हणाल्या.

दार काढणार! माझ्या अंगावर काटा आला म्हणते, पण लोखंडाच्या अंगावर कुठला काटा. आतापर्यंत कोयंडा गेला होता, आता दारच जाणार होतं. मला तर वाटलं, कारस्थान आहे हे. आजींनाही तेच वाटलं असावं. त्या संध्याकाळी त्या मला उगाचच पुढेमागे सरकवत राहिल्या.

दोन दिवसांनी कोकिलाबेन म्हणून एक दणकट बाई "सहज" चहाला आल्या. आजींच्या नजरेतून सुटतंय का!

"ह्या कोण?"

सदानंददादांनी घसा साफ केला. "आई, तुझ्यापासून लपवायचं नाही मला. आपण बाथरूम नवीन करतोय. दार नाही, उंबरा नाही, कुठे पाय अडकायला नको. त्यात तुझं तुला जमलं, तू पडली-घसरली नाहीस, तर उत्तमच. नाहीतर कोकिलाबेन रोज सकाळी येतील. तुला अंघोळ घालायला."

"घालायला?" आजींचा आवाज अगदी हळू झाला. "अंघोळ तान्ह्या बाळाला घालतात, सदा. नाहीतर..."

कोकिलाबेननी कप खाली ठेवला. "बा, मी काही जबरदस्ती करायला नाही आले हां," त्या त्यांच्या गुजरातीत म्हणाल्या. आजींनी त्यांना आणखी चहा दिला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही, असं मधू नंतर सांगत होती.

आता सगळं उघड झालं होतं. नव्या बाथरूममध्ये आजींना एकटीने न्हाता आलं, तर त्यांची अंघोळ त्यांची. नाही आलं, तर कोकिलाबेनच्या हातात तांब्या.

थोड्याच दिवसांत दार निघालं. आम्हाला पॅसेजमध्ये नेमकं बाथरूमच्या समोर भिंतीला टेकवलं, तेही माझी बाजू पुढे करून. तेव्हापासून मी डोळ्यांनी बघतेय. आतल्या फरशा उखडल्या, नुसता कोबा उरला. आजी तेवढ्यापुरत्या कठडा धरून वरच्या मजल्यावर अंघोळीला जात. जाताना माझ्याकडे बघून जात.

एका सकाळी हेतलबेननी कोब्यावर खडूने नकाशा काढला. इथे शॉवर, इथे गरम-थंड पाण्याचा नळ, इथे कोपऱ्यात काचेचा आडोसा, इथून आत जायची मोकळी वाट. जमिनीला समोरच्या भिंतीकडे ढाळ, म्हणजे उतार, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही. मग त्यांनी टॅबवर एक चित्र दाखवलं. पांढरंशुभ्र बाथरूम आणि शॉवरखाली उभी असलेली एक उंच बाई.

आजींनी चष्मा पुसला. "ही कोण?"

"कोणी नाही, बा. कॉम्प्युटरमधली आहे."

"मग तिलाच घाला अंघोळ." आजी चित्र बघतच राहिल्या. "आणि ही काच कशाला? मी काय मिठाईच्या दुकानातला पेढा आहे?"

मधूला हसू आवरेना. नीरावहिनींनी तिला डोळ्यांनी दटावलं.

"काच धुरकट घेऊ, बा. काही दिसणार नाही."

"दिसणार नाही, तर मग काच कशाला? भिंतच घाला." आजी चित्रात काहीतरी शोधत होत्या. "बादलीचा नळ कुठे आहे?"

"बादली कशाला, बा? शॉवर आहे ना."

"मी शॉवर घेत नाही."

सदानंददादांनी मान वर केली. "घेत नाहीस? आई, अगं शॉवर तर पहिल्यापासून होता तिथे!"

"होता. त्यावर पंचा वाळत घालायची मी."

"आणि ती बादली? तो पाट?"

"मला वाटलं, कपड्यांसाठी आहे," नीरावहिनी पुटपुटल्या. "आई अंघोळीनंतर स्वतःचे कपडे धुतात ना, म्हणून."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एका घरात राहणारी माणसं, पण आजी कशा न्हातात, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? मी लागलेली असायची. त्यांना आजींच्या पथ्याचे पदार्थ माहीत, गोळ्यांच्या वेळा माहीत, आणि ज्या गोष्टीसाठी एवढी तोडफोड केली तीच माहीत नाही. हेतलबेनचा सगळा नकाशा उभ्या बाईसाठी होता.

माहीत होतं फक्त मला. मोकळी वाट त्यांनी नेमकी चुकीच्या बाजूला ठेवली होती, हे मला त्या खडूच्या रेघांवरूनच दिसलं. आजी पाटावर बसून ज्या बाजूला पाणी उडवतात, तीच बाजू. पहिल्याच दिवशी पॅसेजभर पाणी होणार, त्यावरून कोणाचातरी पाय घसरणार, आणि दुसऱ्या दिवशी कोकिलाबेन. पण मी पडले कडी. कोणाला काय सांगणार!

"ठीक आहे, बा," हेतलबेन म्हणाल्या, "तुम्ही सांगा, कशी अंघोळ करता? मी त्याप्रमाणे बदलते."

मला आजींच्या मनातलं कळत होतं. जे दाराआड ठेवण्यासाठी ही बाई इतकं झगडली, तेच आता चारचौघांत सांगायचं. आणि नाही सांगितलं, तर पुढे रोज एक परकी बाई ते बघणार.

त्या बराच वेळ खडूच्या रेघांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगून नाही कळायचं. मधू, माझा पाट आण. बादली आण. तांब्याही."

मग त्या मुलाकडे वळल्या. "सदा, तू बाहेर जा."

"आई, तू तर साडीत आहेस. नुसतं दाखवणार आहेस."

"तरी बाहेर जा. तोंड तिकडे कर."

सदानंददादा बाहेर आले आणि बाथरूमकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे माझ्या अगदी समोर. टक्कल पडत आलेला तो माणूस शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा दाराकडे तोंड करून उभा होता.

आत आजींनी पदर खोचला. पाट भिंतीपासून जरा दूर ठेवला. भिंतीचा आधार घेत त्या बसल्या. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून तो पाय समोर लांब केला.

"हा पाय असा राहतो. म्हणून समोर भिंत जवळ नको." त्यांनी रिकामा तांब्या उचलला. "आधी पायांवर. मग गुडघ्यांवर. मग हा खांदा, मग तो खांदा." हेतलबेन टॅबवर भराभर लिहीत होत्या. "उठताना उजव्या हाताला काहीतरी धरायला लागतं. इतके दिवस नळ धरायची."

"नळ?" नीरावहिनी म्हणाल्या. "आई, तो तर केव्हाचा हलत होता!"

"मग? तुला सांगितलं असतं, तर तू आत आली असतीस."

नीरावहिनींनी खाली बसून खडूने, आजींचा उजवा हात जिथे पोचत होता, तिथे भिंतीवर एक फुली केली.

"आणि शेवटी पाठीवर," आजी म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या डोक्यावरून मागे नेला.

"पाणी किती मागे जातं, बा?"

"जातं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"अगं, नुसत्या तांब्याने कसं कळणार?" असं म्हणत मधूने वरून बादलीभर पाणी आणलंसुद्धा. "आजी, खरंच घे."

"साडी भिजेल."

"भिजू दे ना!"

आजींनी एकवार बाहेर पाहिलं. मुलाची पाठ तशीच होती. मग त्यांनी भरलेला तांब्या उचलला, डोळे मिटले आणि रोजच्या सवयीने पाठीवर फेकला. पाणी त्यांच्या पाठीवरून, खडूच्या रेघेवरून, मोकळ्या वाटेतून थेट पॅसेजमध्ये आलं आणि सदानंददादांच्या सदऱ्यावर फटकन बसलं.

"आई गं!"

"सदा? भिजलास का रे?"

"पूर्ण."

"बरं झालं. आता तुलाही कळलं, मी कशी न्हाते."

आधी मधू हसली, मग हेतलबेन, मग नीरावहिनी. सदानंददादा मात्र हसले नाहीत. ते माझ्यासमोर उभे होते, म्हणून मला दिसलं, त्यांचे डोळेही ओले होते. पाणी तर पाठीवर पडलं होतं. पण असो, मी संशय घेत नाही.

त्यानंतर खडूच्या सगळ्या रेघा पुसल्या. आत जायची वाट दुसऱ्या बाजूला गेली. काचेच्या जागी भिंत आली, आणि तीही वळण घेऊन, म्हणजे वाटेत उभं राहिलं तरी आत कोणी दिसू नये. पाटाच्या उंचीचा दगडी कट्टा झाला. बादलीसाठी खाली नळ आला. जिथे फुली होती, तिथे पकडायला दांडा बसला. शॉवरसुद्धा ठेवला. "पंचा कुठे टाकू मग?" आजी म्हणाल्या.

फरशा बसवून झाल्यावर आजींनी ढाळावर विश्वास ठेवला नाही. स्वतः तांब्या घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जातं का, ते बघत उभ्या राहिल्या. एका कोपऱ्यात जरासं साचलं. तेवढा भाग उखडून परत करायला लावला. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग पहिल्या अंघोळीचा दिवस उजाडला. कोकिलाबेननाही बोलावलं होतं. त्या बाहेरच्या खोलीत चहा घेत बसल्या. आजी साडी आणि पंचा घेऊन आल्या. जिथे मी असायची, तिथे त्यांचा हात सवयीने गेला आणि हवेत थांबला. मला वाटलं, आता परत फिरतील.

त्या आत गेल्या. वळणाआड दिसेनाशा झाल्या.

पाणी बादलीत पडायला लागलं. नीरावहिनी पॅसेजमध्ये आल्या आणि वाळलेले कपडे घडी करायला लागल्या. ते कपडे आधीच घडी केलेले होते. सदानंददादा भिंतीला कान लावल्यासारखे उभे. मधू पायरीवर बसलेली. माझ्यासारखे संशयी तिघं, आणि चौथी मी.

आत तांब्या वाजला. एकदा, परत एकदा. मग शांत. सदानंददादांनी एक पाऊल पुढे टाकलं. नीरावहिनी हातातला टॉवेल तसाच धरून वळणापर्यंत पोचल्या.

"नीरा!" आतून खणखणीत आवाज आला. "तुझी सावली आत आलीय. माझ्या फरशीवर."

नीरावहिनी चटका बसल्यासारख्या मागे झाल्या.

"आणि सदाला सांग, श्वास जरा हळू घे. दार असताना कळायचं नाही, बाहेर कोण काय करतंय. आता सगळं दिसतंय आणि ऐकू येतंय मला. जा सगळे!"

सगळे गेले. मधू तर धावतच गेली. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून कोकिलाबेनचा आवाज आला, "तो हुं जाउं?" मग मी जाऊ का, असं त्या विचारत होत्या. कोणी त्यांना थांबवलं नाही. मग पाठीवर फेकलेल्या तांब्याचा आवाज झाला. मी पॅसेजकडे बघत राहिले. एक थेंबही बाहेर आला नाही.

मला अजूनही त्या मोकळ्या वाटेवर पुरता विश्वास नाही. मी तिथे रोज नजर ठेवते. पण आजी आता कोणाचा हात न धरता न्हातात, आणि हे मला मान्य करावंच लागेल.

मी आता भंगारात जाईन. तिथे वितळून कदाचित दुसरंच काही होईन, कोणास ठाऊक. जाताना एक विनंती करते. तुमच्या घरातल्या आजी किंवा आजोबा अंघोळ कशी करतात, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर त्यांच्यासाठी एकही वीट हलवायच्या आधी त्यांना विचारा. आणि त्यांनी सांगायला वेळ घेतला, तर तोंड दुसरीकडे करून थांबा.

गेटवर लोखंडाची हातगाडी खडखडतेय. आज रविवार आहे का हो?